पांदणीतून डांबरीवर: कमी बजेटची फोर-बाय-फोर घरची गाडी म्हणून कशी घ्यावी, कशी सांभाळावी

आमच्या फाटकापासून डांबरी रस्ता १,४०० मीटर आहे. टेप लावून मोजलेला. दर्यापूर तालुक्यातली ही खोल काळी जमीन. पूर्णेच्या या पट्ट्यात वावरात गोटा शोधून सापडत नाही, आणि गोटा नाही म्हणून पांदणीला, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेला, तळही लागत नाही. उन्हाळ्यात याच पांदणीवरून स्कूटी जाते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की बंडी ओढताना बैलही थांबतात.

सात वर्षांपूर्वी बाबांचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, अकोल्याला. पाऊस लागला म्हणून ते पुढं ढकलता येत नाही. पहिल्या पावसाळ्यात आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवायचो, दोघं जण वर ताडपत्री धरायचे आणि बाबांना डांबरीपर्यंत न्यायचो. तिथून भाड्याची गाडी. त्या दिवाळीनंतर मी एक जुनी डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घेतली. तीच गाडी मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडते, बाजाराला जाते, लग्नाला जाते. या वर्षांत जे कळलं ते सगळं इथे लिहितो आहे, कारण घेण्याआधी मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

आधी दिवस मोजा

शोरूममध्ये जाण्याआधी एक पावसाळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. ज्या दिवशी साधी गाडी घरापर्यंत आलीच नसती त्या तारखेला एक फुली. त्यातही ज्या दिवशी निघणं भागच होतं, त्याला दुसरी फुली. आमच्याकडे जून ते ऑक्टोबर ४१ दिवस पांदण बंद होती आणि त्यातले १३ दिवस जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. या दुसऱ्या आकड्यावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

आता खर्च समोर ठेवा. महिन्याला १,००० किलोमीटर चालणं धरू आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर. पेट्रोल फोर-बाय-फोरनं रोजच्या वापरात लिटरला १३ दिले तर ७७ लिटर लागतात, म्हणजे साधारण ८,१०० रुपये. साधी छोटी गाडी २० देते. ५० लिटर, ५,२५० रुपये. फरक महिन्याला २,८०० रुपये. वर्षाला जवळपास ३४,०००. यात महागडे टायर आणि जास्तीचं ऑइल धरलेलं नाही.

तुमच्या दुहेरी फुल्या चार-पाचच असतील तर मी स्पष्ट सांगतो, फोर-बाय-फोर घेऊ नका. १८० मिलिमीटरच्या वर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) असलेली साधी गाडी, तिला चांगल्या नक्षीचे टायर, आणि त्या चार दिवसांसाठी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंशी चांगले संबंध, एवढ्यात भागतं. मागचीच चाकं फिरवणाऱ्या गाडीतही, एक चाक घसरलं तर दोन्ही चाकं आपोआप जखडणारं लॉकिंग डिफरेन्शियल असेल तर बराच फरक पडतो. बोलेरो निओच्या एन-१० ऑप्शनल मॉडेलमध्ये ते मिळतं. पांदण तीनशे मीटरचीच असेल तर चार शेतकरी मिळून मुरूम टाकणं, किंवा ग्रामपंचायतीमार्फत सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत तिचं नाव लावणं, हे गाडीपेक्षा शहाणपणाचं आहे. रस्ता झाला तर सगळ्यांचाच होतो.

दुहेरी फुल्या दहाच्या वर असतील, घरात आजारी माणूस असेल, दुधाची किंवा शाळेची रोजची वेळ असेल, तर पुढं वाचा.

चारही चाकं फिरतात म्हणजे नेमकं काय

बाजारात दोन वेगळ्याच वस्तू एकाच नावानं विकल्या जातात, आणि विकणारा फरक सांगतोच असं नाही.

पहिली पार्ट-टाइम फोर-बाय-फोर. गिअरच्या दांड्याजवळ दुसरी छोटी दांडी, काही गाड्यांत फिरवायचं गोल बटण असतं: टू-एच, फोर-एच, फोर-एल. टू-एचमध्ये मागचीच चाकं ओढतात. रोज असंच चालवायचं. फोर-एचमध्ये ट्रान्सफर केस नावाची गिअरची पेटी पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकत्र बांधते. फोर-एलमध्ये गिअर साधारण दुपटीनं जड होतात, वेग निम्मा आणि ओढ दुप्पट. जिम्नी, थार, जुन्या जिप्सी, स्कॉर्पिओ आणि सफारी स्टॉर्मची फोर-बाय-फोर मॉडेलं या प्रकारातली.

दुसरी ऑल-व्हील-ड्राइव्ह. पुढची चाकं ओढतात आणि ती घसरली की इलेक्ट्रॉनिक क्लच मागच्या चाकांना जोर पोचवतो. डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप अशा. यांत फोर-एल नसतो. डस्टरमध्ये त्याऐवजी पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवला होता. निसरड्या रस्त्याला, ओल्या मुरमाला, घाटातल्या पावसाला या गाड्या फार सोयीच्या, शिवाय आतून खऱ्या घरच्या गाड्या. पण खोल चिखलात दहा मिनिटं झटापट केली की तो क्लच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मागचा जोर सोडतो. मऊ काळ्या मातीत शंभर मीटरच्या पुढं जायचं असेल तर मी पार्ट-टाइमच घेईन.

पार्ट-टाइमवाल्यांनी एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला शिकवायची: कोरड्या डांबरीवर फोर-एच लावायचा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात. चिखलात तो फरक चाक थोडं घसरून भागतो. डांबरीवर घसरायला जागा नाही, सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर येतो. स्टिअरिंग जड लागतं, गाडी कोणी मागून धरल्यासारखी वळते. डांबरीला लागलं की पहिलं काम, दांडी टू-एचला.

आणि चारही चाकं फिरतात म्हणजे चारही चाकं ओढतातच असं नाही. साधं डिफरेन्शियल जोर सोप्या बाजूला देतं, म्हणजे जे चाक हवेत किंवा गाळात आहे ते गरगर फिरतं आणि पकड असलेलं उभं राहतं. जिम्नी अशा वेळी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे ढकलते. थारच्या वरच्या मॉडेलमध्ये मागं लॉकिंग डिफरेन्शियल मिळतं. घेताना हे विचारा. पेंट कोणता आणि स्क्रीन किती इंचाची हे नंतर.

कोणती घ्यावी

नवीनमध्ये खऱ्या फोर-एलसकट सगळ्यात हलकी जिम्नी. २०२३ च्या जूनमध्ये पाच दारांची आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाखांपासून होती. १.५ लिटर पेट्रोल, २१० मिलिमीटर क्लिअरन्स, वजन १,२०० किलोच्या आसपास. आमच्या मातीत वजनाला फार महत्त्व आहे: पावणेदोन टनांची गाडी जिथे रुतते तिथून हलकी गाडी वरच्यावर निघते. पण सीट चारच आणि मागची डिकी २०८ लिटरची. आईबाबा, आम्ही दोघं आणि मुलगी, असे पाच झालो की एक जण घरी राहतो. घेण्याआधी सगळं घर शोरूमला न्या आणि बसवून बघा.

थार २ ऑक्टोबर २०२० ला नव्या रूपात आली. डिझेलची ओढ उत्तम, क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. पण तीन दारांच्या गाडीत मागं बसायला पुढची सीट वाकवून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोज जमत नाही. पाच दारांची रॉक्स घरच्यांना सोयीची आहे, पण तिचं फोर-बाय-फोर बजेटच्या बाहेर जातं, म्हणून इथे सोडतो.

किंमत बघताना टू-व्हील-ड्राइव्ह आणि फोर-बाय-फोर यांतलं अंतर एवढं का, हा प्रश्न पडेल. त्यात कराचाही भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आत, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांना ४० टक्के. १.५ लिटर डिझेलची मागच्या चाकांची थार १८ मध्ये बसते. तिचीच फोर-बाय-फोर २.२ लिटर असल्यानं ४० मध्ये जाते. जिम्नी लांबीला ४ मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या वर, म्हणून तीही ४० मध्ये. वर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के आणि डिझेलला १४. ऑन-रोड आकडा लेखी घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

जिप्सीबद्दल एक शब्द. ताडोबात आयुष्य काढलेल्या जिप्स्या स्वस्तात विकायला येतात आणि चिखलात त्या अजूनही कमाल करतात. पण मागं आडव्या बाकावर, एसी नाही, पाट्यांचं सस्पेन्शन. मे महिन्यात ४५ अंशांत आजारी माणसाला घेऊन ५० किलोमीटर जायचं असेल तर जिप्सी घरची गाडी होऊ शकत नाही.

जुनी घेताना

बजेट म्हटलं की बहुतेकांना जुनीच घ्यावी लागते, आणि जुन्या फोर-बाय-फोरमध्ये बिघाड दिसत नाही अशा ठिकाणी असतो. बघायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. आधी खाली झोपा, मग वर बघा.

टॉर्च घेऊन चेसिसचे कोपरे बघा. धुतलेल्या गाडीतही काळी माती चेसिसच्या आत आणि पेट्रोल टाकीच्या वर राहते. तिथे गंज असेल तर हातोडीनं हलकंच ठोका, आवाज बद्द आला तर सोडा. शाफ्ट हातानं धरून हलवा. त्याच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, खेळ असेल तर टकटक जाणवते. पुढच्या चाकांमागचे रबरी बूट फाटलेले आहेत का बघा. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. चाकातून कट-कट आली तर जॉइंट गेलेला.

त्यानंतर तीन ऑइलं काढायला लावा: पुढचा क्राऊन, मागचा क्राऊन (क्राऊन म्हणजे एक्सलवरचा डिफरेन्शियलचा गोळा) आणि ट्रान्सफर केस. प्रत्येकाचा भरायचा बोल्ट उघडून बोट घातलं तरी कळतं. ऑइल काळं असेल तर चालेल, बदलता येतं. दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. चमचमणारी भुकटी किंचित असते. बोटाला धातूचे तुकडे लागले तर सौदा नको.

फोर-बाय-फोर लावून बघायचंच, आणि मऊ मातीवर. विकणारा म्हणेल, "लागतो ना भाऊ, लाइट येतो." लाइट येणं आणि चाक ओढणं वेगळं. चारही चाकं मऊ वावरात ठेवा, फोर-एच लावा, हळू निघा. सोबतच्या माणसाला पुढची चाकं माती मागं टाकतात का ते बाहेरून बघायला सांगा. मग फोर-एल. मग परत टू-एच, आणि सुटला का ते बघा. अडकला तर दोन-चार मीटर मागं घेतल्यावर सुटतो. तरी नाही सुटला तर आतला काटा किंवा दांडी खराब आहे. अनेक गाड्यांत तीन-तीन वर्षं ही दांडी कोणी हलवलेलीच नसते.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढं नवे आणि मागं गुळगुळीत अशी गाडी फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही स्वतःशीच भांडते.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर समजा. कार्पेट उचलून नाक लावा.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी, आणि बँकेचा बोजा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बोजा, विम्याची तारीख दिसते. थकलेले चलान वेगळे तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०; गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, समजा नागपूरची एमएच-३१ची गाडी अमरावतीच्या एमएच-२७ला आणायची, तर फॉर्म २८ची एनओसी लागेल का ते आधी विचारा. विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्या. आणि नोंदणीचं वय बघा: १५ वर्षं झाली की नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर लागतो, तेव्हा १३ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते ते कळेल.

टायर आणि डिकीतलं सामान

गाडी घेतल्यावर पहिला खर्च टायरचा करा. रोज डांबरी आणि मधून मधून चिखल, यासाठी ऑल-टेरेन टायर. निव्वळ चिखलाचे मोठ्या गोट्यांचे टायर डांबरीवर आवाज करतात, ओल्या रस्त्यावर ब्रेकला लांब जातात आणि मायलेज खातात. घरच्या गाडीला ते नकोत. कंपनीनं सांगितलेल्या मापाच्या फार पुढं जाऊ नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. आमच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, म्हणून नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी ठेवत नाही. दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं.

डिकीत टोचनचा रुंद पट्टा, दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), लायटरवर चालणारा हवेचा पंप, हवा मोजायचं मीटर, छोटं फावडं, पंक्चर काढायचा सेट, जॅकखाली ठेवायची एक सागवानी फळी, आणि चार जुनी गोणपाटं. पंक्चर सेट चेष्टेत घेऊ नका. तूर सोंगल्यावर जे तिरपे खुंट राहतात ते सुरीसारखे असतात, आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, खुंटही. वळवण्यासाठी म्हणून धुरा (बांध) ओलांडून वावरात चाक घातलं की बाजूच्या भिंतीतून खुंट आत जातो, आणि बाजूचं पंक्चर दुरुस्त होत नाही.

वाफसा बघून गाडी घाला

शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको, फक्त शेतातलं ज्ञान स्टिअरिंगवर आणायचं आहे. ज्या दिवशी वावराला वाफसा नसतो, म्हणजे डवरा चालण्याइतकी माती सुकलेली नसते, त्या दिवशी पांदणीत गाडीही नीट चालणार नाही. दोन्हीचं कारण एकच. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, तिच्या कणांमधली पकड संपते आणि ती टायरच्या नक्षीत भरून बसते. नक्षी भरली की कितीही भारी टायर गुळगुळीतच.

मी आजही उतरून लाडू करतो. चार बोटं खोलवरची माती मुठीत दाबायची, लाडू कमरेइतक्या उंचीवरून टाकायचा. फुटून भुगा झाला तर टू-एचमध्येही जाता येतं. फुटला नाही पण हाताला चिकटला नाही, नुसता चपटा झाला, तर फोर-एच लावून सलग जायचं. तळहात काळा चकचकीत झाला आणि माती बोटांतून सुटेना, तर थांबायचं. दुपारच्या उन्हाचे चार तास पुष्कळ काम करतात.

पावसाळ्याचे तीन भाग करा. मृग-आर्द्रात वरची दोन-तीन इंच माती लोण्यासारखी होते पण खाली जमीन कोरडी, कडक असते. गाडी रुतत नाही, घसरते. हळू चालवा, ब्रेक न लावता गिअरवर वेग उतरवा. श्रावणात जमीन खोलवर भिजलेली असते, ट्रॅक्टरनं चाकोऱ्या हातभर खोल केलेल्या असतात. ट्रॅक्टरचं पोट उंच, आपलं नाही. त्या चाकोरीत चाक उतरलं की पोट मधल्या वरंब्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत फिरतात. इथे एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरं काठाच्या गवतावर असं चालवायचं. तिसरा भाग सगळ्यात फसवा: भादव्याच्या शेवटी उघडीप पडते, वर पापुद्रा वाळून भेगा दिसतात, आणि आत अजून गारा, म्हणजे ओला चिखल, असतो. माझी गाडी आजवर तीनदा फसली, त्यातल्या दोन वेळा अशाच वाळलेल्या दिसणाऱ्या पांदणीत.

चालवायची पद्धत अशी. चिखल सुरू होण्याआधी, कडक जमिनीवर थांबून फोर-एच लावा. सगळीच पांदण खोल असेल तर फोर-एल आणि दुसरा गिअर. खूप वाईट असेल तर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि माती कमी कापतो. डांबरीला लागताच पंपानं परत भरा, कमी हवेत ८०च्या वेगानं जाणं धोक्याचं आहे. ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्ये गिअर नाही, मध्ये थांबणं नाही. स्टिअरिंग हलकं डावं-उजवं करत राहिलं की टायरच्या कडा नवीन माती पकडतात.

आणि चाकं फिरताहेत पण गाडी सरकत नाही, असं वाटलं त्या क्षणी पाय काढा. पुढची पाच सेकंदं जोर लावला तर गाडी चार इंच खाली जाते. आधी आलेल्या मार्गावर सरळ मागं यायचा प्रयत्न करा, कारण तो मार्ग तुमच्याच चाकांनी दाबलेला आहे. नाही निघाली तर फावड्यानं चाकांपुढची माती उतरती काढा, नक्षीतला चिखल काटकीनं खरवडा, खाली गोणपाट किंवा धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या, तुराट्या आडव्या टाका.

टोचन लावायची वेळ आली तर पट्टा गाडीच्या टोइंग हुकला, नाहीतर चेसिसच्या ठरलेल्या जागी. बंपरला नाही, एक्सलला नाही. ट्रॅक्टरची लोखंडी साखळी वापरू देऊ नका. तुटलेली साखळी किंवा ताणून सुटलेला हुक माणसाचा जीव घेऊ शकतो. पट्ट्याच्या मध्यावर एक जाड गोणपाट टाका, बघ्यांना पट्ट्याच्या दुप्पट लांबीवर उभं करा, विशेषतः पोरांना. ट्रॅक्टरनं झटका न देता ताण घेत ओढायचं.

मेळघाटातल्या वाचकांना चिखलापेक्षा उताराचं काम जास्त. धारणीकडच्या कच्च्या उतारावर फोर-एल, पहिला गिअर, आणि ब्रेकवरून पाय बाजूला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांमधल्या वाटा आमच्यासारख्या चिकट नाहीत, पण तिकडे पाणी आहे. त्यासाठी पुढचं.

रपट्यावर पाणी असेल तर

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर जायचं नाही. फोर-बाय-फोर असली तरी नाही. फूटभर पाण्यातच छोटी गाडी तरंगायला लागते, आणि दोन फूट वाहतं पाणी जवळपास कुठलीही गाडी ढकलून नेतं. चाक जमिनीला टेकलेलंच नसेल तर चारही फिरून काय होणार? थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची क्षमता सांगते, ती थांबलेल्या पाण्याची. रपट्यावरचा स्लॅब मधून वाहून गेलाय का हे गढूळ पाण्यात दिसत नाही. भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की गावं तुटतात. तिथली माणसं नदी उतरायची वाट बघतात, कारण त्यांना नदी माहीत आहे.

थांबलेलं पाणी असेल तर काठी घेऊन आधी चालत जा. अर्ध्या चाकाच्या आत असेल तर फोर-एल, पहिला-दुसरा गिअर, चालण्याच्या वेगानं सलग. मध्ये इंजिन बंद पडलं तर परत चावी फिरवू नका. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शनची जोड असलेली पॉलिसी घ्या. पलीकडे गेल्यावर हलका ब्रेक दाबत शंभर मीटर चला, म्हणजे ब्रेक सुकतात.

सांभाळणं

शेताचं वेळापत्रक हेच गाडीचं ठेवलं तर काही विसरत नाही. मृगाआधी टायर, वायपर, ब्रेक, बॅटरी आणि पुढच्या-मागच्या क्राऊनच्या श्वासनळ्या. या छोट्या नळ्या बुजल्या की तापलेला क्राऊन गार पाण्यात उतरताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. माझ्या गाडीला दुसऱ्याच वर्षी हे झालं. शहरातल्या एका वर्कशॉपनं दोन सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर सगळं बदललं, पुढचा क्राऊन कोणी उघडलाच नाही. बेअरिंग गेलं, २३,००० रुपये लागले. बहुतेक ठिकाणी येणाऱ्या गाड्यांना पुढचा क्राऊन आणि ट्रान्सफर केस नसतोच, म्हणून ते हात आपोआप तिकडे जात नाहीत. जॉबकार्डवर तिन्ही ऑइलांची नावं स्वतः लिहायला लावा. एरवी मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला ती बदलायची. चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात गेलेली गाडी असेल तर पावसाळा संपताच उघडून बघायची.

पोळ्याच्या सुमारास, आणि खरं तर चिखलातून आल्यावर दर वेळी, खालून धुवा. शेतातला पंप आहेच. काळी माती वाळली की वीटच होते. ती रिमच्या आतल्या बाजूला एका जागी चिकटून राहते आणि दुसऱ्या दिवशी डांबरीवर ७०-८०ला स्टिअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंटला पैसे घालतात. आधी रिमच्या आतून हात फिरवून बघा. धुतल्यावर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसगन लावा.

सोयाबीन निघालं की वेगळी काळजी. खळ्यावरून गाडी नेली तर खाली कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, अडकतं, आणि सायलेन्सरला लागलेलं कोरडं कुटार पेटतं. गाडी कधीच कुटाराच्या ढिगावर किंवा उंच वाळलेल्या गवतावर उभी करू नका. धान्याच्या खोलीजवळ उभी करत असाल तर बॉनेट उघडून वायरी बघत चला, उंदीर आधी तिथेच येतात.

उन्हाळ्यात कूलंट, फॅन आणि एअर फिल्टर. धुळीच्या पांदणीत रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या निम्म्या अंतरावरच झटकावा आणि लवकर बदलावा.

बारा महिन्यांचं एक काम: महिन्यातून एकदा, मऊ मातीवर, दोन-तीन किलोमीटर फोर-एच आणि थोडा फोर-एल चालवा. उभ्या भागांना ऑइल पोचत नाही, सील सुकतात, दांडी जाम होते. जानेवारी ते मे जिची दांडी हलली नाही ती जूनच्या पहिल्या पावसात लागत नाही, आणि आपण ती त्याच दिवसासाठी घेतलेली असते.

घरच्यांसाठी

या गाड्या उंच असतात. आईला चढता येत नव्हतं म्हणून मी बाजूला पायदान लावलं, पण ते खाली इतकं आलं की चाकोरीत घासायला लागलं. ते काढलं. आता दाराजवळ रबर लावलेला लाकडी पाट असतो, चढल्यावर तो सीटखाली जातो. खांबावर धरायला मूठ नसेल तर बसवून घ्या; आजारी माणूस पायापेक्षा हातानं चढतो. डायलिसिसहून परतताना बाबांना धक्के सोसत नाहीत, म्हणून पांदणीत वेग दहाच्या वर नाही आणि हवा दोन-तीन पीएसआय कमी.

आणि घरात चालवणारं एकच माणूस ठेवू नका. मी बायकोला उन्हाळ्यात मोकळ्या वावरात शिकवलं: पाणी सोडून पंधरा फुटांचा चिखल केला, तिनं स्वतः गाडी फसवली आणि स्वतः काढली, तीन दिवस. गेल्या श्रावणात मला ताप होता. गुरुवारी सकाळी सहाला तिनं लाडू टाकून बघितला, हवा वीसवर आणली, फोर-एल लावला आणि बाबांना घेऊन सव्वाआठला अकोल्यात पोचली.